कडा मावेना

इंद्रधनुष्य माझ्या कॅमेऱ्यात कधीच पुरते बसले नाही. एक पाय धरावा तर दुसरा निसटतो. आमच्या गच्चीवरून पावसाळ्यात, उन्हे कलली की, पूर्वेला मोठे भरघोस इंद्रधनुष्य पडते. ही चहाचे आधण तसेच टाकून मला हाका मारते, मी कॅमेरा घेऊन धापा टाकीत जिना चढतो, आणि दर वर्षी माझ्या हाती लागते ती अर्धी कमान. मी आपला याचे खापर स्वतःच्या हातावर फोडीत आलो होतो. मराठीच्या प्राध्यापकाला यंत्र वश होत नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना मान्य असलेले सत्य आहे.

पण २०२२ च्या श्रावणात भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये बशीच्या काठावरून बोट फिरवीत मला उलगडा केला. इंद्रधनुष्य म्हणजे बेचाळीस अंश त्रिज्येचे वर्तुळ. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचा बरोबर अर्धा भाग जमिनीच्या वर दिसतो. म्हणजे या पायापासून त्या पायापर्यंत झाले ८४ अंश. आणि माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स, अगदी १८ वर आणून ठेवली तरी, आडवे पाहते सुमारे ६४ अंश. "चौऱ्याऐंशीचे बिऱ्हाड चौसष्टाच्या खोलीत कसे मावायचे?" असे म्हणून त्याने बशीतला चहा पिऊन टाकला.

दोष माझा नसून लेन्सचा आहे, हे कळल्यावर माणसाला जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येणार नाही. त्या आनंदातच मी घरी येऊन नव्या लेन्सचा विषय काढला.

खरे सांगायचे तर इंद्रधनुष्य हे निमित्त होते. मूळ कारण होते अण्णा. माझे वडील तेव्हा ब्याऐंशीचे होते. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला; घरातून गॅलरी आणि गॅलरीतून घर, एवढीच त्यांची यात्रा. पण त्यांचे बालपण जुन्नरकडचे, आणि विशीत ते थोरल्या भावाबरोबर खिरेश्वराहून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगडावर गेले होते. आयुष्यात एकदाच. चांगदेवांनी या गडावर ‘तत्त्वसार’ रचले, असे मी वर्गात इतकी वर्षे सांगत आलो. अण्णांच्या लेखी मात्र गड म्हणजे कोकणकडा. अर्धी परात उभी करून ठेवावी तसा आत वळलेला तो कडा, त्याच्या काठाशी ते पालथे पडून खाली डोकावले, आणि थोरल्या काकांनी त्यांचे दोन्ही घोटे धरून ठेवले होते. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ती सांगताना अण्णांचा आवाज अजून खाली उतरतो.

मी पूर्वी एकदा जाऊन कड्याचे फोटो आणले होते. कडा एका फोटोत येईना, म्हणून डावा, मधला आणि उजवा असे तीन काढले. अण्णांनी ते जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, कडेला कडा जुळवून पाहिली, जुळेना. मग तिन्ही एकत्र करून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पुन्हा गेलास तर अख्खा आण. तुकडे नकोत."

तेव्हा लेन्स घ्यायची होती ती यासाठी. आता ही लेन्स निवडणे म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहण्यासारखेच आहे, हे मला ठाऊक नव्हते. प्रत्येकात काही तरी उणे असतेच, आणि ते उणे नसलेले स्थळ आपल्याला परवडत नाही.

पहिली अडचण आकड्यांची. पुस्तकात वाचावे तर निसर्गचित्रासाठी १६ ते ३५ मिलिमीटरची झूम उत्तम. पण तो हिशेब जुन्या फिल्मच्या मापाचा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ चा. तिकडे १६ जे दाखवते ते माझ्याकडे दिसायला १० लागते. ही गोष्ट लक्षात न घेता मी १६ ची लेन्स आणली असती, तर पदरी पडले असते ते जुन्या लेन्सहून बोटभर अधिक, आणि किंमत मात्र तिच्या कितीतरी पट.

दुकानदार अनुभवी होता. माझ्याकडे एकदा आणि माझ्या चपलांकडे एकदा पाहून त्याने पहिल्यांदा काढली ती ११ ते १६ मिलिमीटरची, २.८ छिद्राची तोकिना. हातात घेतली तर अर्ध्या किलोहून अधिक भरली. "साहेब, अंधारात काम करते." अंधारात काम करणाऱ्या वस्तूचे मोल मला मान्य आहे. तारे टिपायचे असतील, आकाशगंगा हवी असेल, तर २.८ ला पर्याय नाही. पण दिवसाउजेडी डोंगर टिपणारा माणूस छिद्र ८ किंवा ११ वर आणूनच ठेवतो. मग त्या २.८ साठी पैसेही मोजायचे आणि तिचे ओझेही पाचनईची चढण चढवायचे, हे व्यवहाराला धरून नव्हते. मग निघाली कॅननची १० ते २२; २००४ सालची, ३८५ ग्रॅमची, देखणी. तिच्या पुढच्या काचेला ७७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, आणि फिल्टरच्या किमती व्यासाबरोबर कशा चढतात हे ज्याला अनुभवायचे असेल त्याने अनुभवावे. शेवटी मागच्या फळीवरून खाली आली ती १० ते १८. २०१४ ची, २४० ग्रॅमची. मागची कडीसुद्धा प्लॅस्टिकची. छिद्र साडेचारपासून पुढे, म्हणजे अंधारात आंधळीच म्हणायची. पण तिच्या पोटात हाताचा थरकाप सावरून घेणारी योजना आहे. पंचेचाळिशीच्या माणसाला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

"पण झूम कशाला? एकाच मापाची घे आणि पायांनी पुढेमागे हो," असे आमच्या भौतिकशास्त्राने सुचवले. जुने जाणते छायाचित्रकार असेच सांगतात. पहिली झूम लेन्स साध्या कॅमेऱ्यासाठी आली तीच मुळी १९५९ साली, फॉइग्टलेंडरची झूमार. ३६ ते ८२ मिलिमीटरची. त्याआधी सारे पायांनीच झूम करीत. परंतु कोकणकड्यावर एक पाऊल पुढे टाकले तर झूम जरूर होईल. फोटो मात्र दुसऱ्या कोणाला तरी काढावा लागेल.

माझ्या मुलीचा या खरेदीलाच विरोध होता. तिच्या मोबाइलमध्ये अर्ध्या पटीचा, म्हणजे ‘झीरो पॉइंट फाइव्ह’चा कॅमेरा आहे आणि त्यात अख्खी गल्ली मावते. हे खरे आहे. भर उन्हात काढलेला तिचा फोटो आणि माझा फोटो मोबाइलवरच पाहायचा असेल, तर फरक सांगणाऱ्याला मी माझी लेन्स बक्षीस देईन. पण मोबाइलचा तो सेन्सर तांदळाच्या चार दाण्यांएवढा; सूर्य बुडाल्यावर त्याच्या कडेची झाडे वितळून शेवाळ होतात. अण्णांना भिंतीवर लावण्याजोगा कडा हवा होता. हे मी तिला समजावले. तिने ऐकून घेतले, एवढेच.

मी वापरलेलीच घेतली. दुकानदाराने तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार टाकून दाखवला, तेव्हा मला कळले की आपल्याकडे वापरलेली लेन्स घेताना ओरखड्यांपेक्षा बुरशी पाहायची असते. पावसाळी हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे धरतात, आणि ते एकदा काचेचा मुलामा खाऊ लागले की साफ करूनही डाग राहतो. माझी निर्मळ निघाली. घरी आल्यावर हिने लोणच्याच्या बरणीला मिळत नाही इतक्या मानाने तिला घट्ट झाकणाचा डबा दिला, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, आणि डब्यावर चिठ्ठी लावली : ‘फराळ नाही.’

पहिला प्रयोग गणपतीत झाला आणि तो अंगाशी आला. आरतीनंतर सगळ्या नातेवाइकांचा एक फोटो काढला. दिवाणखाना लहान, माणसे एकवीस, सगळी आली. मी खूश. परंतु १० मिलिमीटरला भिंतीच्या रेघा सरळ राहतात त्या कडेच्या वस्तूंना बाहेरच्या अंगाला ताणून. मधोमध उभे असलेले जावई सडपातळच राहिले. अगदी डाव्या टोकाला उभ्या असलेल्या मावशी मात्र दीडपट झाल्या. हा लेन्सचा दोष नव्हे, सपाट चौकटीवर एवढा रुंद कोन पसरायचा तर भूमितीच अशी आहे, असे मी मावशींना सांगून पाहिले. मावशींना भूमिती पटली नाही. तेव्हापासून कडेला खांब, झाड किंवा दरवाजा ठेवावा, आप्त ठेवू नयेत, एवढे मी शिकलो.

ऑक्टोबरात आम्ही तिघे पाचनईहून गडावर चढलो. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ पुष्करणीसकट एका चौकटीत आले. कॅमेरा जरा वर केला की शिखर मागे कलंडल्यासारखे दिसे, म्हणून तो सरळ धरून खालची फरशी फार येऊ द्यायची, हे दोनतीन फोटोंत कळले. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीच्या गार पाण्यात गुडघ्याच्या वरपर्यंत उभा राहून मी चार खांबांपैकी उरलेला एकुलता एक खांब टिपला. अंधार होता, स्टँड नव्हता, पाव सेकंद हात स्थिर ठेवायचा होता. ती पोटातली योजना तिथे कामाला आली.

आणि संध्याकाळी कडा. कड्यावरून कधी कधी इंद्रवज्र दिसते. सकाळी सूर्य पाठीशी आणि खाली धुके असले, म्हणजे धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचे पुरे वर्तुळ उमटते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद करून ठेवली आहे. आम्हाला ते दिसले नाही. पण कडा दिसला; या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत वळलेला, खाली नळीची वाट, त्याखाली अंधारत चाललेले कोकण, आणि सारेच्या सारे माझ्या चौकटीत. मी ओरडलोच. सूर्य बुडेपर्यंत चाळीसेक फोटो काढले.

त्यांतला उत्तम निवडून त्याची मोठी प्रत करून आणली आणि अण्णांसमोर ठेवली. त्यांनी वर्तमानपत्र वाचायचे भिंग काढले. डावीकडून उजवीकडे सावकाश नेले. परत आणले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"आला आहे सगळा," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "एवढासाच होता का रे?"

मी काय बोलणार? चौकट तेवढीच, तिच्यात जास्त कोंबायचे तर प्रत्येक वस्तू लहान होणारच. १८ वर जो कडा वीतभर दिसला असता तो १० वर जेमतेम अर्ध्या वितेचा होतो. दूरचा डोंगर भव्य दिसावा म्हणून माणसे ही लेन्स विकत घेतात, आणि ती पहिले काम करते ते डोंगराची टेकडी करण्याचे. हे कोणी मला दुकानात सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते म्हणा. अण्णा माझी समजूत घालण्यासाठी रंगांची तारीफ करू लागले, ते मला अधिक लागले.

तेवढ्यात मुलगी माझा कॅमेरा घेऊन आली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून मागच्या काचेवर एक एक फोटो सरकवू लागली. "आजोबा, हा बघा. बाबांनी हा बाद केला आहे."

तो मी खरोखरच बाद केला होता. कड्यावर पोचल्या पोचल्या मी एक प्रयोग केला होता. १० मिलिमीटरला छिद्र ८ ठेवून दोन फुटांवरच्या वस्तूवर नजर साधली, तर एका फुटापासून क्षितिजापर्यंत सारे रेखीव येते, असे वाचले होते. ते खरे की खोटे पाहायला मी समोर दोन फुटांवर जे होते त्यावर नेम धरला. समोर होते मुलीचे बूट. ती काठाशी पालथी पडून खाली पाहत होती, आणि ही मागे बसून दोन्ही हातांनी तिचे घोटे धरून होती. चित्राचा एक तृतीयांश भाग चिखलाने माखलेल्या तळव्यांनी अडवला होता. हिच्या हातांतल्या बांगड्या, ताणलेल्या शिरा, मुलीची लांबच लांब पाठ, तिच्यापुढे एकदम काही नाही, आणि त्या काही नसण्याच्या दोन्ही बाजूंनी कडा वळून गेलेला.

अण्णांनी भिंग पुन्हा उचलले नाही. कॅमेरा दोन्ही हातांनी धरून तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला. थोड्या वेळाने त्यांचा एक हात खाली गेला आणि धोतराखालचा आपला घोटा चाचपू लागला. ते त्यांच्या लक्षात आले असेल असे मला वाटत नाही.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिले नाही. चित्राकडे पाहतच म्हणाले,

"सूनबाई, जरा घट्ट धर तिला."