परळची वाट आणि थकलेले तळपाय

मैत्रिणींनो, परळला कुणी हौसेनं फिरायला जात नाही. जायचं ते औषधपाण्याला, नाहीतर आजाऱ्याला भेटायला. स्टेशनातून पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरात टाटा, वाडिया आणि केईएम ही मोठमोठी रुग्णालयं लागतात. केईएम १९२६ सालचं, टाटा १९४१ सालचं. हातात डबा, काखेत फायलींची पिशवी आणि सकाळपासून रांगेत उभे असलेले पाय, हे इथलं रोजचंच चित्र!

उभं राहणं परळला नवं नाही. १९८२ च्या संपापूर्वी इथल्या गिरण्यांत पुरुषांबरोबर बायकाही राबत. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्यांची संख्या बरीच असे. अशा दमल्या पायांसाठी आपल्याकडे काशाची वाटी आहेच. तळव्याला तूप किंवा तेल लावून ती घासायची. आयुर्वेदात पायांच्या मालिशीला पादाभ्यंग म्हणतात.

हल्ली जिचं नाव ऐकू येतं ती रिफ्लेक्सॉलॉजी मात्र अमेरिकेतून आली. डॉ. विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढे १९३० नंतरच्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशाच मांडला. अंगठा म्हणजे डोकं, बोटांखालचा उंचवटा म्हणजे छाती, मधली खोलगट जागा म्हणजे पोट आणि टाच म्हणजे कंबरेखालचा भाग.

हा नकाशा खरा असल्याचं शास्त्रानं सिद्ध झालेलं नाही. पण पाय दाबून घेतल्यावर शरीर सैलावतं, मन शांत होतं, हे तर आपण अनुभवतोच. तेवढ्यासाठी ती जरूर करावी.

करायची कशी? पाय कोमट पाण्यानं धुऊन पुसावेत. थोडं तेल लावून अंगठ्याच्या पेरानं टाचेकडून बोटांकडे हळूहळू दाबत जावं. एका पायाला पाच-सात मिनिटं पुरेत. दुखेल इतका जोर नको. तेलकट पायांनी लगेच फरशीवर चालू नका बरं, घसराल!

मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, जखम असेल, दिवस गेले असतील किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो मुळीच चोळू नका. तडक दवाखाना गाठा.

आणि एक कळकळीचं सांगणं. छातीत गाठ लागली, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर 'आधी तळवे दाबून बघू' म्हणून दिवस घालवू नका. तळव्यावरून गाठ कळत नाही, ती तपासूनच कळते. घरच्यांच्या दुखण्यासाठी आपण परळच्या किती खेपा घालतो! स्वतःसाठीही एक घाला. घरी आल्यावर पाय दाबायला लेकीला, नाहीतर 'ह्यांना' खुशाल सांगा!