थिजलेलं तूप

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला इतकं ऊन असतं की होमाचं तूप डब्यातच पातळ होतं. पौषात मात्र त्याच डब्यात चमचा शिरत नाही, मग याडी, म्हणजे माझी आई, तो चुलीच्या कडेला सरकवते. माझं काम मी तिला या डब्यावरूनच समजावलं.

प्रयोगशाळेत मी यकृताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतो. त्यातल्या हेप-जी-टू अर्जेंटिनातल्या 15 वर्षांच्या एका मुलाच्या गाठीतून आलेल्या. फ्लास्क हातात घेतला की तो मुलगा मनात येतोच.

मी ज्या एन्झाइमच्या मागे आहे, त्याचं नाव स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेज. स्टिअरिक आम्लाच्या 18 कार्बनच्या सरळ साखळीत, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये ते एक दुहेरी बंध घालतं. साखळी तिथे वाकते आणि ओलेइक आम्ल तयार होतं. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्यांची सैल. म्हणून स्टिअरिक 69 अंशांच्या आसपास वितळतं, तर ओलेइक 13 अंशांनाच. सतत दुभंगणाऱ्या पेशीला नवं, लवचीक आवरण हवं असतं. यकृताच्या बऱ्याच गाठींत हे एन्झाइम वाढलेलं सापडतं, ते त्यामुळेच असावं.

ते अडवणारं औषध घालूनही माझ्या पेशी कित्येक आठवडे खुशाल वाढत राहिल्या. मी औषधाला दोष देत होतो. चूक माझी होती. पेशींना मी 10 टक्के सीरम पाजत होतो, आणि त्यात ओलेइक तयारच असतं. घरात पीठ आयतं येत असेल तर जातं बंद पडल्याचं कळणार कसं?

मग स्निग्धांश काढलेलं सीरम घेतलं. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी तळ सोडून गोल झालेल्या, तरंगत होत्या. शेजारच्या खाचेत तेवढंच औषध होतं, पण अल्ब्युमिनला बांधलेलं ओलेइकही घातलं होतं. तिथल्या पेशी तळाला घट्ट धरून होत्या. त्या क्षणी माझी खात्री पटली.

याडीने विचारलं, "मग तूप बंद करायचं का रे?"

"तुपाचा हा हिशेब नाही, याडी. यकृताचा कर्करोग बहुतेकदा ब आणि क कावीळ, दारू, वर्षानुवर्षं चरबी साठलेलं यकृत यांतून येतो. आणि शरीरात रक्तच पेशीला ओलेइक पुरवतं, माझ्या सीरमसारखं. एकटं एन्झाइम अडवून गाठ हटेल, असं मला वाटत नाही."

सीरमची नवी बाटली आली आहे. उद्या आधी ती तपासायची, मगच औषधाला हात लावायचा.