न वाचता केलेल्या सह्या

बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका बालगृहाच्या विश्वस्त मंडळावर मला घेतलं. शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. मान मिळतोय म्हणून मी हो म्हणालो. संस्थेची घटना मागितली नाही, ऑडिट रिपोर्ट पाहिला नाही, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1 चा, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा तर मनातही आला नाही. नोकरीत मी हेच कागद लोकांकडून मागून घेत होतो.

बैठक रविवारी असायची. पोहे, चहा, मग प्रोसिडिंग बुक फिरायचं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ असं लिहिलेलं असे. वाचलेलं कुणीच नसे. कधी सहीच्या वर कोरी जागा असायची, ठराव नंतर लिहिला जायचा. तीन वर्षं मी सह्या करत गेलो.

त्यातल्याच एका जूनमध्ये 42 मुलांना शाळेचे बूट घ्यायचे होते. माझ्या मावसभावाचं दुकान आहे. नाव मीच सुचवलं आणि ठराव होताना तिथंच बसून राहिलो. खरं तर माझा संबंध सांगून मी बाहेर जायला हवं होतं. इतर दुकानांची कोटेशनं मागवलीच नाहीत. भावानं लबाडी केली असं नाही, शिल्लक होती ती मापं त्यानं दिली. पण विश्वस्ताचाच भाऊ म्हटल्यावर मुलांचे पाय मोजायचं कुणी बोललं नाही.

ऑगस्टमध्ये सातवीतली एक मुलगी पायरीवर बसलेली दिसली. बुटाची मागची बाजू आत दुमडून तिनं त्याची चप्पल केली होती. टाचेवरचा फोड फुटून मोजा जखमेला चिकटला होता. तो ती पाणी लावून हळूहळू सोडवत होती. ‘कुणाला सांगितलं नाहीस का गं?’ म्हटलं. ‘पेटीत चिठ्ठी टाकलीय की, आजोबा.’

सूचनापेटी अधीक्षकांच्या दारालाच लागून होती. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे ती कार्यालयापासून लांब, मुलांना सहज जाता येईल अशा जागी हवी आणि नेमानं उघडायला हवी. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. आत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. चार बुटांबद्दल होत्या, एकीत लिहिलं होतं की रात्री संडासाकडचा दिवा लागत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. एखाद्या चिठ्ठीत कुणी अंगाला हात लावल्याचं लिहिलं असतं तर? पॉक्सो कायद्याखाली अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवावीच लागते. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखानं कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आहे. पण आमच्याकडे ती कळण्याची वाटच बंद होती, आणि ती उघडी आहे का हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढं खजिनदार वारले. बँकेनं नव्या सहीसाठी परिशिष्ट 1 मागितलं, तर त्यात जुनीच नावं; माझंसुद्धा नव्हतं. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो कुणी दिलाच नव्हता. खातं अडकलं, बालगृहात काम करणाऱ्या मावशींचे दोन महिन्यांचे पगार थांबले. स्वयंपाकाच्या मावशींनी स्वतःच्या नावावर उधारी करून किराणा आणला, पण मुलांना उपाशी ठेवलं नाही. त्या मंडळावर नव्हत्या. मी होतो.

हिशेब आणि अहवाल देण्यात वारंवार कसूर केली, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष केलं, तर धर्मादाय आयुक्त त्याच कायद्याच्या कलम 41 ड खाली विश्वस्ताला काढू शकतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. बुटांचे पैसे मी भरले, झालेला प्रकार इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला आणि पद सोडलं. माझ्या मते संस्थेशी घरचा व्यवहार असलेला आणि महिन्यातून एक दिवसही मुलांसाठी न काढणारा माणूस विश्वस्त व्हायला पात्र नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

तुम्हाला कुणी असं बोलावलं तर सत्काराची तारीख देण्याआधी तिथं जा, मुलांच्या पंगतीला बसून जेवा आणि सूचनापेटीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.