स्टेशन अलीकडे, गाव पलीकडे

नागपूरहून निघालेली हावडा मेल शेवटी थांबते ती हुगळीच्या अलीकडे. कोलकाता पलीकडे. लहानपणी मावशीकडे जाताना बाबांनी हे आधीच बजावलं होतं : "गाडी थांबली म्हणजे पोहोचलो असं समजू नकोस, अजून पूल आहे." बाबा रेल्वेतले. रेल्वे नदीपाशी अडली म्हणून पूल आला, असा त्यांचा सरळ हिशेब, आणि तो खराच होता. १८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्लीने तिथे तरंगत्या तराफ्यांचा पूल केला. जहाज आलं की त्याचा मधला भाग बाजूला घ्यावा लागे आणि तोवर दोन्ही काठांवर माणसं न् बैलगाड्या खोळंबून राहत.

नव्या पुलासाठी पात्रात खांब नकोत, हे ठरलेलं होतं. हुगळी गाळाची नदी. खांबांभोवती गाळ साचला तर बंदरच बसायचं. म्हणून दोन काठांवर दोन मनोरे उभारले, तिथून पोलाद पुढे काढत नेलं आणि मध्ये एकही आधार न देता ४५७ मीटरचं अंतर जोडलं. रस्ता वरून सोडलेल्या पोलादी पट्ट्यांना टांगलेला आहे. सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं. "रात्री तू झोपेत असताना टाटानगर गेलं ना, तिथलंच हे," असं बाबा म्हणाले, तेव्हा मी पुलाला हात लावून पाहिला. नट-बोल्ट कुठेच नाहीत, सगळे रिव्हेट. रंगाच्या थरांखालून त्यांची गोल डोकी बोटांना लागत होती.

फेब्रुवारी १९४३मध्ये हा पूल समारंभाशिवाय खुला झाला, कारण जपानी बॉम्बची धास्ती होती. पुढे १९६५मध्ये त्याचं 'रवींद्र सेतू' असं नामकरण झालं.

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा पुलावरून ट्राम धावत होती. १९९३मध्ये ती थांबली. मी हावड्याच्या बाजूला राहायचे आणि संध्याकाळी बहुधा चालतच परतायचे. बस गेली की पायांखाली पूल थरथरतो, त्याची आधी भीती वाटे, मग सवय झाली. मल्लिक घाटाच्या फूलबाजारातून झेंडूच्या माळांचे भारे खांद्यावर टाकून माणसं वर यायची. डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालाला वाट द्यायची, हा तिथला न सांगता पाळला जाणारा नियम. कोलकात्याकडच्या टोकाला पुलाखालून सर्क्युलर रेल्वेचे रूळ जातात. लोकल आली की गर्दीतही कुणीतरी कठड्यावरून वाकून बघतंच.

याच पुलाच्या टांगत्या पट्ट्यांचे पाय पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी गंजले. शेवटी बंदराच्या यंत्रणेला त्यांना फायबरची आवरणं घालावी लागली. महायुद्धातून सहीसलामत सुटलेलं पोलाद थुंकीने खाल्लं जावं, याचा मला आजही संताप येतो. रोज लाखो लोकांना पलीकडे नेणाऱ्या गोष्टीशी असं वागवतं तरी कसं?

मार्च २०२४पासून नदीखालून मेट्रो धावते. पात्र ओलांडायला मिनिटही लागत नाही. लेक नोकरीच्या मुलाखतीसाठी कोलकात्याला निघाली, तेव्हा मुलाखतीला मेट्रोनेच जा, उशीर नको, असं मीच तिला सांगितलं. पण आदल्या दिवशी सामान खोलीवर टाकून पूल चालत ओलांड, म्हटलं. आणि सकाळी लवकर जा, नंतर फूटपाथवर उभं राहायलासुद्धा जागा मिळत नाही.