थाळनेरचे कागद

थाळनेरच्या किल्ल्यावर मी पहिल्यांदा गेलो तो आजोबांचं बोट धरून. तापीकाठचा ढासळलेला तट दाखवत ते म्हणाले होते, "तुळशीराम किल्लेदाराला इथंच फासावर चढवलं गोऱ्यांनी." तेव्हापासून माझं मत पक्कं. गोऱ्यांनी दगा केला आणि त्यांचे कागद म्हणजे त्यावरचं पांघरूण. मोडी पत्र असेल तर पुरावा, इंग्रजी खलिता असेल तर थाप. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळावरून वर्षानुवर्षं ये-जा करूनही हा हिशेब मी कधी तपासला नाही.

मग ते इंग्रजी कागद वाचले. खरं सांगायचं तर खोटे पाडायलाच.

महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ला होळकरांनी मंदसोरचा तह केला. सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूख कंपनीकडे गेला. २७ फेब्रुवारीला कंपनीच्या फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप थाळनेरपुढे आला, तर आतून गोळ्या आल्या. त्याने निरोप धाडला, किल्ला तहाने आमचा आहे, लढाल तर बंडखोर ठराल. हा निरोप आजोबांच्या गोष्टीत नव्हता.

पुढचं मात्र गोष्टीहून भयंकर निघालं. तोफा लागल्यावर किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. मागाहून काही इंग्रज अधिकारी आतल्या दरवाजाच्या दिंडीतून शिरले. आत अरब शिबंदी, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. हत्यारं चालली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर पडले. मग आतली सुमारे ३०० माणसं कापली गेली आणि त्याच दिवशी, आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी दिली.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने हिस्लॉपकडे खुलासा मागितला. मार्च १८१९मध्ये लंडनच्या पार्लमेंटात या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा सभासदांनी थाळनेरवरून प्रश्न केले. शेवटी आभार मानले, पण हे आभार म्हणजे त्या फाशीला संमती नव्हे, अशी पुस्ती जोडून.

ती पुस्ती वाचून मी ओशाळलो. आजोबांचा राग खरा होता. पण त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मी ज्यांना थापा म्हणत होतो त्या कागदांत निघाला, तोही आपल्या गोष्टीने गाळलेल्या निरोपाच्या शेजारीच. कागद कोणाचा हे पाहून त्याला खरं-खोटं ठरवणं मी त्या दिवशी सोडलं.

असेच जुने कागद हाती लागावेत म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले आणि १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले. त्यांच्या मागे लगेच, १९२७मध्ये, मंडळ उभं राहिलं. शिरपूर, चोपडा, पारोळ्याकडे कोणाच्या वाड्यात माळ्यावर मोडीचा रुमाल पडून असेल, तर वाळवी लागायच्या आत तो एकदा जाणत्याला दाखवा. आपल्या बाजूचा निघाला नाही तरी चालेल.