हाडांचे मूक दुःख

हाड मोडले की सारा गाव धावून येतो. तेच आतून झिजते तेव्हा घरालाही कळत नाही. माझ्या भाच्याला ‘गोशे’ हा दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने त्याचे प्रथम वर्णन केले. शरीरातील एक विकर उणे पडल्यामुळे विशिष्ट स्निग्ध द्रव्य प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांत साचत जाते. हाडे ठिसूळ होतात. कधी रक्तपुरवठा खुंटून खुब्याचे हाड आतल्या आत मरते. १९९१ पासून उणे विकर शिरेवाटे, बहुधा दर पंधरवड्यास, देण्याचा उपचार निघाला आहे. त्याने प्लीहा ओसरते; हाडे मात्र सावकाश सुधारतात, आणि मृत झालेला भाग पुन्हा सजीव होत नाही. म्हणूनच मुलाच्या मांडीतील वारंवार उठणारी कळ ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये.

“हे कोणाच्या पापाचे फळ?” असे शेजारणी माझ्या बहिणीला विचारतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते. प्रभूने दोष ना त्याच्या माथी मारला, ना त्याच्या आईबापांच्या. हा विकारही मातापिता या उभयतांकडून, त्यांच्या नकळत, लेकरात उतरतो. तेव्हा वाचकहो, अशा घरी पापाचा हिशेब मागू नका. पंधरवड्याच्या त्या फेरीला त्या माउलीची सोबत करा.