दुभाष्याला नवी बोली शिकवावी लागते

आमच्या तलवाड्यात जुनी वस्तू कोणी सहजासहजी फेकत नाही. पाण्याची मोटार जळाली की वायंडिंग होते, मिक्सर बिघडला की गेवराईला दुरुस्तीला जातो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण लवकर हार मानतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार संपला आणि ज्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही, ती अनेकांना भंगार वाटू लागली. अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. माझ्या मुलांच्या उर्दू आणि मराठीच्या सरावपत्रिका अशाच एका जुन्या यंत्रावर तयार होतात.

पण एक अडचण सगळ्यांनाच कधी ना कधी भेटते. अपडेट होते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि वायफाय गप्प! माझ्याकडेही हेच झाले. यूएसबीचे वायफाय मेले, प्रिंटर मात्र चालू राहिला. असे का?

कर्नल म्हणजे संगणकाच्या घरातला कर्ता माणूस. त्याला वायफाय किंवा आवाजाच्या चिपची बोली थेट कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो, तोच ड्रायव्हर. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे लगेच पटते. गोम अशी की लिनक्स कर्नल आपली आतली बोली बदलत राहतो. जे ड्रायव्हर कर्नलच्या स्वतःच्या घरात राहतात, त्यांची चिंता नसते. आतली बोली बदलणाऱ्यानेच त्या सर्वांना दुरुस्त करायचे, अशी तिथली रीत आहे. बाहेरून, सीडीवरून वा कंपनीच्या पानावरून आणलेला दुभाषी मात्र जुनीच बोली बोलत बसतो.

प्रिंटर वाचला, कारण त्याचा ड्रायव्हर सहसा कर्नलमध्ये नसतो, कप्स नावाच्या वेगळ्या व्यवस्थेत असतो. आणि बाहेरच्या प्रोग्रामांशी असलेला व्यवहार कर्नलने मोडायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे.

मग उपाय काय? पहिला, जुना कर्नल काढू नका. उबंटूसारख्या प्रणाली नव्यासोबत आधीचा कर्नलही ठेवतात. सुरुवातीच्या यादीतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून तो निवडता येतो. माझे वायफाय त्या रात्री असेच परतले. दुसरा, डीकेएमएस. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी सुरू केलेली ही सोय नवा कर्नल आला की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप पुन्हा बांधते. त्यासाठी नव्या कर्नलच्या हेडर फाइली यंत्रावर हव्यात आणि ड्रायव्हरचा मूळ कोड कोणीतरी सांभाळत असायला हवा. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हरवर मान्य सही लागते. ती नसेल तर कर्नल त्याला दारातूनच परत पाठवतो. तिसरा, शाळेच्या यंत्रावर दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. डेबियन १२चा कर्नल ६.१ मालिकेतलाच राहतो. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आतली बोली फारशी बदलत नाही.

खबरदारी न घेतल्यास काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. मोठे काम होते ते. पण डॉस गेले, ते कार्ड बसवायच्या खाचाही गेल्या आणि चांगली कार्डे निरुपयोगी झाली. मराठी टिकली, कारण ती पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्वांच्या सामाईक घरात आली.

म्हणून पाचशे रुपयांचे वायफाय घेतानाही दुकानदाराला किमतीआधी हे विचारा, की याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का? त्याला सांगता आले नाही, तर आतल्या चिपचे नाव विचारून घ्या आणि घरी शोधा. खेड्यातल्या शाळेला दरवर्षी नवे यंत्र मिळत नाही. आहे ते दहा वर्षे चालले, तर दहा वर्गांची मुले त्यावर शिकून जातील.